डोळ्यांचं सूप

शाळेच्या व्हॅनच्या बंपरला दर शनिवारी नवं लिंबू-मिरची टांगलं जायचं आणि दर शनिवारी साडेदहाच्या सुमारास अक्का ते काढून घ्यायच्या. चोरून नाही, ड्रायव्हर समोर उभा असतानाच. दोऱ्यातून लिंबू सोडवायचं, मिरच्यांचे देठ खुडायचे, नळाखाली सगळं धुवायचं आणि कार्यानुभवाच्या खोलीत नेऊन मुलांच्या पोह्यांत घालायचं. पहिल्यांदा हे झालं तेव्हा ड्रायव्हर हात जोडून म्हणाला होता, "अक्का, त्यात काय काय उतरलेलं असतं, पोटात नका घालू."

"मिरची खावानी शे रे भाऊ, टांगानी नही," अक्का म्हणाल्या आणि त्याच्यासमोर अर्धी मिरची कच्ची चावून खाल्ली. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण तोंड फिरवलं नाही. पुढे पुढे तो बिचारा शुक्रवारीच येऊन विचारायचा, "अक्का, उद्या लिंबू किती लागतील?"

मी धुळ्यात देवपूरच्या त्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले तेव्हा अक्कांनी पंचावन्न ओलांडली होती. उंच, हाडकुळ्या, नाक सरळ आणि धारदार, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. बाकी सगळ्या बायका 'मिस' किंवा 'मॅडम', पण त्यांना मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत सगळेच अक्का म्हणायचे. साक्रीच्याही पलीकडे, डोंगराला लागून कुठलं तरी गाव होतं त्यांचं. गावाचं नाव त्यांनी आपण होऊन कधी घेतलं नाही. माझं माहेर पहूरचं, त्यामुळे गावाकडच्या गप्पा काढायची मला खोड. अक्का त्या गप्पा ऐकून घ्यायच्या आणि मध्येच विचारायच्या, "तुमच्याकडे यंदा कापूस कसा आहे?" एकदा विषय कापसावर गेला की गाव बाजूला राहायचं.

त्यांचा कार्यानुभवाचा वर्ग बघण्यासारखा असायचा. मुलांना भाजी चिरायला बसवायच्या आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून, पाठ वळवून उभ्या राहायच्या. नुसत्या आवाजावरून चुका काढायच्या. "मागच्या बाकावर कोण आहे? काकडी चिरतोयस का लाकूड फोडतोयस? बोटं आत घे." तो मुलगा खरोखरच बोटं पसरून चिरत असायचा. वर्ग हसायचा, अक्का हसायच्या नाहीत.

आणि एक सवय होती जी मला तेव्हा फार खटकायची. काहीही शिजलं की पहिला घास त्या स्वतः घ्यायच्या. नुसता चाखायच्या नाहीत, सगळ्यांना दिसेल असा खायच्या. चमचाभर तोंडात, चावणं, गिळणं, मग तोंड उघडून दाखवायचं की बघा, गेलं. "आता घ्या." मुलं त्यांची नक्कल करायची. डबा खायला बसलो की तेच. एकदा त्या आमच्या घरी गंगाफळाचे घारगे घेऊन आल्या. गंगाफळ म्हणजे आपला लाल भोपळा. दारातच डबा उघडला, एक घारगा मोडला, उभ्या उभ्याच खाल्ला आणि मग डबा सासूबाईंच्या हातात दिला. त्या गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "कशी बाई आहे ही! देवाला नाही, पाहुण्याला नाही, आधी आपल्याला?" मीही मान डोलावली. घारगे मात्र आम्ही दोघींनी संध्याकाळपर्यंत संपवले.

मग आमच्याकडे पुण्याहून नवीन समन्वयक मॅडम आल्या. वय तिशीचं, उत्साह दांडगा, मनाने चांगल्या. दिवाळीच्या सुट्टीला पंधरा-वीस दिवस होते तेव्हा त्यांनी मीटिंग घेतली आणि सांगितलं की यंदा आपण 'स्पूकी ऑटम पार्टी' करायची. ऑटम म्हणजे पानगळ. आमच्या धुळ्यात ऑक्टोबरात पानं गळत नाहीत, नुसता घाम गळतो. पण मॅडमनी इंटरनेटवरून पंधरा पानं छापून आणली होती. मुलांनी भुतांचे, हाडांच्या सापळ्यांचे, वटवाघळांचे पोशाख करायचे, अंधार केलेल्या वर्गातून फिरायचं आणि शेवटी मैदानावर मोठ्या पातेल्यातून सगळ्यांना सूप द्यायचं. त्याचं नाव 'विचेस सूप', चेटकिणीचं सूप. त्यात डोळे तरंगणार, बोटं बुडलेली असणार, वर रक्ताचे ओघळ. सगळं भाज्यांचं.

"सूप अक्का करतील," मुख्याध्यापक म्हणाले.

"आणि वाढायला चेटकीण हवी," समन्वयक मॅडमनी पिशवीतून एक काळी, टोकदार, कागदी टोपी काढली. "कोण होणार?"

"अक्काच," मी म्हणाले. "त्यांना मेकअपही लागणार नाही."

सगळे खो खो हसले. मीही हसले. मला वाटलं होतं की अक्काही हसतील, काहीतरी फटकळ उत्तर देतील. त्यांनी टोपी हातात घेतली, आतून बाहेरून बघितली, "बरं" म्हणाल्या आणि छापलेले कागद गुंडाळून पर्समध्ये ठेवले. दुसऱ्या दिवशी ती टोपी स्टाफरूममधल्या चहाच्या किटलीवर घातलेली दिसली. कोणी तरी विचारलं तर म्हणाल्या, "चहा गरम राहतो."

सुपाची तालीम करायला त्यांनी मला मदतीला घेतलं. एका दुपारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी कार्यानुभवाच्या खोलीत बसलो. त्या कागदांत सेलरी, ऑलिव्ह, क्रीम असं बरंच काही लिहिलं होतं. अक्कांनी पेनने एकेक खोडलं. ऑलिव्हच्या जागी पनीरच्या गोळ्या आणि मध्ये अर्धा काळा मनुका खोचायचा, झाला डोळा. गाजराची बोटं करायची आणि टोकाला गंगाफळाची सोललेली बी चिकटवायची, झालं नख. रक्ताला बीट. अळ्या म्हणून शेवया. मी खुशीत एक बोट रंगवत होते.

"चेटकीण म्हणजे काय, सांगणार काय तू पोरांना?" अक्कांनी गंगाफळ फोडता फोडता विचारलं.

"सांगायचं काय त्यात? गोष्टीतली असते ती. गंमत."

"आमच्याकडे डाकीण म्हणतात." त्या बिया वेगळ्या काढत होत्या. "माझी माय होती."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. एकदाही न थांबता, जणू मला पाककृतीच सांगत होत्या.

त्या अकरा वर्षांच्या होत्या. वडील आधीच गेलेले. आई गावात कुणाकडेही कार्य असलं की स्वयंपाकाला जायची, तिच्या हातची गंगाफळाची भाजी लोक मागून घ्यायचे. एका बारशाला तिने अशीच भाजी केली. दोन दिवसांनी शेजारचं तीन वर्षांचं मूल जुलाब-उलट्या होऊन गेलं. पावसाळा होता, विहिरीला गढूळ पाणी आलेलं, आणखी चार मुलं आजारी होती. पण भगताने कौल लावायला दाणे टाकले आणि आईचं नाव घेतलं. त्यानंतर तिच्या हातचं पाणी कोणी घेईना. महिन्याभराने एका दुपारी गावातली सात-आठ माणसं आली. मारलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. एकेक भांडं उचलून शिस्तीत दाराबाहेर नेऊन ठेवलं. शेवटी जातं उचललं, त्याला दोघं लागले. मग दाराला कुलूप घातलं. आई आणि अक्का भांड्यांशेजारी उन्हात उभ्या होत्या.

"मग साक्रीला आलो. माय बाजारात भाजी घेऊन बसायची. दोन बाजार बरे गेले. तिसऱ्याला गावातलं कोणी तरी आलं आणि बोलून गेलं. गिऱ्हाईक तुटलं. मग मायने काय करावं, दर गिऱ्हाइकासमोर आधी आपण काकडी कापून खायची. टोमॅटो खायचा. तोंड उघडून दाखवायचं. लोक थांबायचे मग, थोडे थोडे. मी वसतिगृहात राहून शिकले ते त्याच्यावर." त्यांनी बियांची ताटली माझ्याकडे सरकवली. "या सोल."

माझ्या हातात ते रंगवलेलं बोट होतं. मी ते कुठे ठेवू हे मला कळेना.

"मी मॅडमना सांगते अक्का. पार्टी रद्द करू."

"कशाला? पोरं नाचताहेत आठ दिवसांपासून. आणि कोणाला काही सांगायचं नाही. सूप होणार." मग गंगाफळाची पुढची फोड हातात घेऊन म्हणाल्या, "वाढायला मी मायला आणणार आहे. पंचेचाळीस वर्षांत तिने घराबाहेर कोणाला वाढलेलं नाही."

त्यांची आई जिवंत आहे, त्यांच्याच सोबत देवपुरात दोन खोल्यांत राहते, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

शनिवारी मी शाळेत सर्वांच्या आधी पोचले. मैदानावरच्या फळ्यावर समन्वयक मॅडमनी आदल्या संध्याकाळीच रंगीत खडूंनी 'विचेस सूप' असं सुंदर अक्षरात लिहून ठेवलं होतं, बाजूला टोपीवाली बाई काढलेली. मी ओलं फडकं घेतलं आणि सगळं पुसलं. मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'डोळ्यांचं सूप'. थोड्या वेळाने मॅडम धावत आल्या.

"अहो, हे काय? थीम बिघडली ना!"

"पहिलीच्या मुलांना वाचता यायला हवं," मी म्हणाले. हे खोटं होतं, पण त्यांना पटलं.

अकरा वाजता रिक्षातून अक्का उतरल्या आणि त्यांनी हात धरून आईला उतरवलं. छोटीशी, वाकलेली म्हातारी, डोक्यावरून घट्ट पदर, नवीकोरी हिरवी साडी. मैदानावर तोंडाला पांढरं फासलेली, लाल जिभा लावलेली, अंगावर हाडं रंगवलेली दोनशे पोरं ओरडत होती. म्हातारी जागच्या जागी थांबली.

"यास्ले काय व्हयनं?"

"भूत व्हयनात, माय," अक्का म्हणाल्या.

म्हातारीने थोडा विचार केला. "मंग भूक लागनी व्हई त्यास्ले," ती म्हणाली आणि पातेल्याकडे निघाली.

सूप अक्कांनी सकाळीच घरून निम्मं शिजवून पाठवलं होतं, फोडणी मात्र मायने दिली. लसूण, जिरं आणि थोडा काळा मसाला. मैदानभर वास गेला तशा पोरांच्या रांगा लागल्या. मायने सवयीने आधी आपल्या पेल्यात घेतलं, पण तिचं तोंड कोणी बघत नव्हतं. दोनशे पेले तिच्यापुढे एकदम आले होते. "आजी, मला दोन डोळे!" "आजी, मला बोट नको, अळ्या द्या!" "आजी, रक्त!" मायला यातलं काय कळत होतं देव जाणे, ती वाढत होती. पहिली दहा मिनिटं ती नुसतं पेल्यांकडे बघून वाढत होती. नंतर मी बघितलं तर ती पोरांना दटावत होती, "रांगमा ऱ्हाय."

अक्का तिच्या मागे उभ्या होत्या. घड्याळाचा पट्टा उगीचच सोडत होत्या आणि लावत होत्या.

पहिलीतली एक मुलगी, वटवाघळाचे काळे पंख लावलेली, तिसऱ्यांदा पेला घेऊन आली. मायने तिला भरून दिला. तेवढ्यात तिला घ्यायला तिचे आजोबा आले. सत्तरीचे, धोतर, पांढरी टोपी. ती "आबा, आबा" करत पेला घेऊन त्यांच्याकडे धावली. आबांनी तिच्याकडे बघितलं, मग पातेल्यामागच्या म्हातारीकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी नातीच्या हातातला पेला काढून घेतला, खाली जमिनीवर ठेवला, तिला कडेवर उचललं आणि फाटकाकडे चालायला लागले. ती त्यांच्या खांद्यावरून हात पसरून रडत होती, "माझं संपलं नाही!"

मायचा डाव पातेल्यात तसाच थांबला होता. अक्का पुढे आल्या. पण त्याआधीच रांगेतला एक सापळा म्हणाला, "आजी, मला दोन डोळे." मायने त्याला दोन डोळे वाढले. मग त्याच्या मागच्याला वाढले. पातेलं रिकामं होईपर्यंत ती वाढत राहिली.

"तो होता ना?" रिक्षात बसताना मायने विचारलं.

"हो," अक्का म्हणाल्या. जातं उचलणाऱ्या दोघांपैकी तो एक होता, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

रविवारी सकाळी अक्कांचा मला फोन आला. "त्या पोरीच्या घरचा नंबर आहे का तुझ्याकडे?" मी शोधून देते म्हणाले तर म्हणाल्या, "नको, राहू दे." दुपारी परत फोन. "ऑक्टोबरचं ऊन आहे, पोरं आजारी पडतात या दिवसांत. साधी सर्दी जरी झाली तिला..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मी विज्ञानाची शिक्षिका. सूप उकळलेलं होतं, मनुके धुतलेले होते, पेले नवे होते, हे सगळं मला माहीत होतं. तरी त्या दिवशी माझं जेवणात लक्ष नव्हतं.

सोमवारी ती मुलगी आली नाही. अक्का पहिलीच्या वर्गाच्या दारात उभ्या राहून बाकं मोजत राहिल्या. त्यांच्या स्वतःच्या वर्गातली मुलं तिकडे एकटीच, आपल्या मनाने भाजी चिरत होती. मंगळवारीही ती आली नाही. शेवटी मीच फोन लावला. तिची आई म्हणाली, "नाही हो, बरी आहे अगदी. आबाच म्हणाले की दोन दिवस घरी ठेवा, लक्ष ठेवू. का म्हणाले ते नाही सांगितलं. ती तर त्या सुपाचाच धोशा लावून बसली आहे."

मी अक्कांना सांगितलं. त्यांनी हातातली सुरी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "ठेवा म्हणावं लक्ष. नीट ठेवा." त्यांचा आवाज कधी नव्हे तो कापरा झाला होता. मला वाटलं, रडतील. पण ते रडू नव्हतं, राग होता. मी त्यांना तेवढं एकदाच रागावलेलं बघितलं.

बुधवारी ती मुलगी उड्या मारत आली.

पुढच्या रविवारी मी अक्कांच्या घरी गेले. मला माफी मागायची होती, मीटिंगमधल्या त्या वाक्याची. मी घसा साफ करून सुरुवात केली तर अक्का म्हणाल्या, "तू बोललीस ते मला लागलं. मग फळा पुसलास तेही मला कळलं. आता चहा पी." एवढ्यावर तो विषय संपला. मी बशीत चहा ओतत होते तेवढ्यात दारात आबा उभे. हाताला ती मुलगी. शाळेच्या वॉचमनकडून पत्ता काढला होता त्यांनी.

"पोरगी ऐकत नाही," ते उंबऱ्याकडे बघत म्हणाले. "ते सूप कसं करतात, तेवढं विचारायचं होतं."

अक्का उठल्या, पण मायच पुढे झाली. ती दारात आली, मुलीचा हात धरून तिला आत घेतलं. मग आबांकडे बघून म्हणाली, "तू भायेर थांब."

आबा थांबले. बारा वाजायला आले होते, अंगणात झाडाची सावली नव्हती. मायने गंगाफळ काढलं, सावकाश चिरलं, लसूण सोलला. मुलीला जवळ बसवून पनीरच्या गोळ्या वळायला लावल्या. मला राहवेना. मी खुर्ची उचलली, आबांना बाहेर द्यावी म्हणून. अक्कांनी माझा हात धरला. "राहू दे," म्हणाल्या. पाऊण तास लागला असेल. मुलीने दोन वाट्या सूप प्यायलं, तोंड पुसलं आणि ती बाहेर गेली. आबांनी टोपी काढून कपाळ पुसलं, परत घातली, आणि दोघं गेले. 

मला वाटलं होतं की आता ते परत येणार नाहीत. अक्कांनाही तसंच वाटलं असावं. पण त्याच्या पुढच्या रविवारी मी मुद्दाम गेले तर बाराच्या सुमाराला मुलगी धावत आत आली आणि आबा अंगणात, त्याच जागी, कोणी न सांगता थांबले. हाताची घडी, मान खाली.

मायने सूप चढवलं. दारातून त्यांच्याकडे बघितलं, परत पातेल्याकडे वळली. असं दोनतीनदा झालं. अक्का ओट्याशी बीट किसत होत्या, त्यांचा हात थांबला होता.

"ए पोरी," माय मुलीला म्हणाली, "त्याले इचार, मीठ कितलं खास तो?"

मुलगी धावत बाहेर गेली आणि तिथूनच तिने ओरडून सांगितलं, "आबा म्हणताहेत, कमी! त्यांना बीपी आहे!"

अक्कांनी हात धुतले, पदराला पुसले आणि फळीवरून दुसरं, लहान पातेलं काढलं.